शाई भरलेला डोळा

लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीचं टोक लागून माझ्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर सायीसारखा पांढरा डाग राहिला आणि त्या डोळ्याला उजेड-अंधाराखेरीज काही कळेनासं झालं. लग्नाचं वय झालं तेव्हा एदलाबादच्या फोटोवाल्यानं पेन्सिलीनं फोटोतला डोळा काळाभोर करून दिला. फोटोवर भाळून पाहुणे यायचे आणि मला बघून अर्धा चहा टाकून निघायचे. फोटोवाल्याचा मला भयंकर राग यायचा.

शेवटी नाना, म्हणजे माझे वडील, मला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की डागात सुईनं काळी शाई भरता येईल, नजर मात्र येणार नाही. नानांनी पहिलं तेवढं ऐकलं. पट्टी सुटल्यावर कितीतरी दिवस ते गुपचूप माझ्या डाव्या बाजूला येऊन केळं पुढे धरायचे, मी घेते का बघायला. मला हसू यायचं आणि पोटात तुटायचंही. पण आरशात दोन सारखे डोळे बघून मी हरखून गेले होते, खोटं कशाला बोलू?

पुढचं स्थळ आलं धुळ्याकडचं, सोनगीरचं. काही बोलायचं नाही, असं नानांनी बजावून ठेवलं होतं. कोणाला संशयही आला नाही. मुलगा माझ्याकडे सरळ बघत होता. मला तो आवडला, आणि तिथंच माझं बिनसलं. आवडलेल्या माणसापासून जन्मभर हे लपवत बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि मुलाच्या आईला म्हणाले, “या डोळ्यानं मला दिसत नाही. शाई भरून काळा केलाय.”

नानांनी मान खाली घातली. त्या बाईंनी मला जवळ बसवलं, हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला आणि डोळा निरखून बघितला. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण होतं.

“गोंदेल शे म्हना,” त्या म्हणाल्या. “बठ्ठं सोनं आठेच ऱ्हास, पोरी. गोंदेल तेवढं संगे येस.” मेल्यावर सगळं सोनं इथंच राहतं, गोंदलेलं तेवढं सोबत येतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्याही म्हणायच्या.

मग त्यांनी मुलाकडे बघितलं. तो हसत होता. त्यांनी माझ्या आईकडे कुंकू मागितलं.