गायकवाड काकांचा माईक

आमच्या विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावरची जुनी नोटीस कोणी काढत नाही. नवी आली की तिच्यावरच टाचायची. मागे एकदा बोर्ड रंगवायला उतरवला, तर कागदांचा थर बोटभर जाडीचा निघाला! आमच्या जनसंपर्क कक्षातले किस्सेही असेच साचलेत. 'दिवसभर करता काय गं तुम्ही तिथे?' असं कोणी विचारलं, की मी वरचा एखादा काढून देते.

कक्षात आम्ही तिघं. मी नोटिसा टाइप करते. दिंडोरीचे भागवत मामा त्या बोर्डांवर लावतात. आणि गायकवाड काका रोज सकाळी अकरा वाजता माईकवरून वाचतात. कॅम्पसभर खांबांवर स्पीकर आहेत. काकांचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते, त्यामुळे त्यांचं लहानपण फलाटावरच्या अनाउन्समेंट ऐकण्यात गेलं. प्रत्येक सूचना दोनदा वाचायची, हे तिथलंच. त्यांनी 'कृपया लक्ष द्या' म्हटलं की चालता माणूस थांबतो आणि आधी आपली बॅग चाचपतो.

मध्यंतरी नवे कुलसचिव साहेब आले आणि त्यांनी ठरवलं, आता सगळं अ‍ॅपवर. महिनाअखेर माईक बंद, आणि गायकवाडांची बदली भांडारात. काकांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली.

"ताई, भांडारात मी कोणाशी बोलू? कपाटांशी?" काका म्हणाले.

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला. फार वाईट वाटलं. तो सगळा महिना आम्ही तिघं चहा पीत जुने किस्से काढत बसायचो.

*

पहिला नंबर अर्थातच डब्याचा.

लायब्ररीत एक स्टीलचा डबा सापडला. काकांनी अकराला सांगितलं, "ज्यांचा असेल त्यांनी आत काय आहे ते सांगून घेऊन जावा." बरोबर अर्ध्या तासात सहा जण हजर! आणि त्या दिवशी होती संकष्टी. सहाही जण म्हणाले, "साबुदाण्याची खिचडी."

आता आली का पंचाईत! काकांनी जरा विचार केला आणि एकेकाला विचारलं, "दाण्याचा कूट कसा होता? भरपूर की बेताचा?"

पाच जण म्हणाले भरपूर. सहावे गणिताचे सर. ते म्हणाले, "बेताचाच. आमच्याकडे कायम बेताचाच असतो."

काकांनी डबा त्यांच्या हातात दिला. सर जिना उतरून गेले, मग परत वर आले आणि म्हणाले, "पण गायकवाड, कूट बेताचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

*

मामांचा नियम एकच. ज्या कागदावर गोल शिक्का, तो बोर्डावर.

एकदा वरून एक पत्र आलं. त्यावर लाल शाईत ठळक लिहिलेलं, 'गोपनीय'. परीक्षा विभागातल्या कोणाकोणाची चौकशी लागली आहे, त्याची यादी. दुपारी पाहते तर बोर्डापुढे ही गर्दी! मी धावतच मामांकडे गेले.

"अहो मामा, त्यावर गोपनीय लिहिलंय ना!"

"लिव्हलंय की. पण शिक्का बी हाय ना म्याडम."

"मग?"

"म्हून तर काचेच्या बोर्डात लावलं. कुलूप घालून. कोनी हात नाय लावणार!"

*

पाण्याचा किस्सा मी स्वतः भोगलाय, क्वार्टरमध्येच राहते ना.

पंप दुरुस्तीसाठी दुपारी पाणी बंद राहणार, अशी सूचना काकांनी अकराला दिली. साडेअकराला इंजिनिअर सरांचा फोन आला, दुरुस्ती रद्द, मेकॅनिक द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलाय. काकांनी लगेच सांगितलं, दोनदा सांगितलं. पण तोवर हॉस्टेलच्या पोरींनी बादल्या भरल्या होत्या. क्वार्टरमधल्या बायकांनी पिंप, कळश्या, कुकरसुद्धा. मीही त्यातच, खोटं कशाला बोलू! बारा वाजता टाकी ठणठणीत कोरडी.

इंजिनिअर सर चिडून आले. "गायकवाड, पाणी चालू आहे असं सांगितलं ना तुम्ही?"

"सांगितलं साहेब. पण लोकांनी माझी पहिली सूचना खरी करून दाखवली."

*

नव्या साहेबांचा माईकवर राग बसला तो मात्र बिबट्यामुळे.

पाण्याबिण्याच्या किरकोळ सूचना सोडल्या, तर आमच्याकडे कोणतीही सूचना पाच टेबलांवर सही होऊन आली तरच वाचायची, अशी पद्धत आहे. एका सकाळी मुलींच्या हॉस्टेलमागे वॉचमनला बिबट्या दिसला. मी मसुदा टाइप करून वर पाठवला. पहिल्या टेबलाने 'बिबट्या दिसला' खोडून 'बिबट्यासदृश प्राणी दिसल्याचे समजते' केलं. दुसऱ्याने विचारलं, नर की मादी? तिसरं टेबल रजेवर. इकडे अकरा वाजायला आले आणि पोरी मागच्याच पायवाटेने क्लासला निघायच्या बेतात. काकांनी सरळ माईक हातात घेतला. "कृपया लक्ष द्या. हॉस्टेलमागे बिबट्या आहे. कोणीही बाहेर पडू नये."

पोरी आत राहिल्या. संध्याकाळी वनखात्याने बिबट्या पकडून नेला. सह्या झालेला कागद तिसऱ्या दिवशी खाली आला, आणि त्याच्यासोबत काकांना मेमो. 'सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सूचना का दिली, याचा लेखी खुलासा करावा.'

काकांनी एका ओळीत खुलासा दिला. 'बिबट्याही परवानगीशिवायच आला होता.'

मी टाइप करताना हसून हसून मेले. साहेब अजिबात हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात अ‍ॅपचं निघालं.

*

अ‍ॅपची ट्रायल म्हणून साहेबांनी एका व्याख्यानाची सूचना फक्त अ‍ॅपवर टाकली. हॉल गच्च भरला! साहेब खूश. स्टेजवरून म्हणाले, "पाहा, ही टेक्नॉलॉजीची ताकद!"

काका मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेले. मला बघवेना. मी मामांना बाहेर गाठलं. "काय हो मामा, लोक खरंच अ‍ॅप बघायला लागले?"

मामा इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "म्या काल तुमच्या प्रिंटरवर मोबाईलमधलं छापून घेतलं आन् सगळ्या बोर्डांवर लावलं. मोबाईल काय टाचता येत नाय ना बोर्डाला."

*

आणि मग तो महिना संपला.

सकाळी अ‍ॅपवर सूचना पडली, 'आजपासून ध्वनिक्षेपकावरील सूचना बंद.' बोर्डावर लावायची नाही, अशी मामांना तंबी होती. काकांनी माईक पुसून कपाटात ठेवला, बदलीची ऑर्डर खिशात घातली आणि अकरा वाजायची वाट न बघता डबा पिशवीत भरायला लागले. मी टायपिंगमध्ये तोंड खुपसून बसले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन सुरू झाले. कँटीन, लायब्ररी, हॉस्टेल. आज सूचना कशी नाही? गायकवाड बरे आहेत ना? गणिताच्या विभागाने तर थेट विचारलं, "गायकवाडांची शोकसभा किती वाजता?"

तो फोन नेमका काकांनीच उचललेला. म्हणाले, "माझी ना? अजून ठरली नाही. ठरली की कळवतो."

साडेअकराला साहेब स्वतः खाली आले. त्यांचाही फोन थांबत नव्हता. "अ‍ॅपवर टाकलंय ना! वाचत का नाहीत लोक?" तेवढ्यात टेबलावरचा फोन परत वाजला. साहेबांनी घाम पुसला.

"गायकवाड, एक काम करा. माईक बंद झालाय, एवढं एकदा माईकवरून सांगून टाका."

काकांनी कपाट उघडलं. "कृपया लक्ष द्या. आजपासून माईकवरील सूचना बंद करण्यात आल्या आहेत." सवयीप्रमाणे दोनदा वाचलं. आणि फोन थांबले!

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "काल काही लोक रजेवर होते. परत एकदा सांगा." तिसऱ्या दिवशी बाहेरगावचे विद्यार्थी आले होते. चौथ्या दिवशी साहेबांनी लेखीच दिलं, पाचही टेबलांच्या सह्यांनिशी. 'सर्वांना कळेपर्यंत सदर सूचना रोज अकरा वाजता देण्यात यावी.'

काकांनी कागद नीट वाचला. "साहेब, सगळ्यांना कळलं हे आपल्याला कसं कळणार?"

"तसं कळलं की अ‍ॅपवर टाकू. मग तुम्ही जा भांडारात."

काकांनी त्या ऑर्डरच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात. आता सातवा महिना चालू आहे. अकरा वाजले की काका घसा साफ करतात आणि माईक बंद असल्याचं माईकवरून दोनदा सांगतात.