बाबाचा एनलार्जर अन् कापसाचा बोळा

बाबाचा एनलार्जर दुरुस्त कराले मले सहा महिने लागले. भंडाऱ्यातला आमचा स्टुडिओ बंद झाल्यापासून ते फोटो मोठे करायचं माणसाएवढं धूड पडूनच होतं. भाता उंदरांनी कुरतडलेला, तो काळ्या कापडाचा नवा शिवला. लेन्सची कडी एका भांडेवाल्याकडून पितळेची घडवून घेतली. बायको म्हणे, "मोबाइलच्या जमान्यात हे भूत कायले जागवून राहिले?" मी खेकसलो तिच्यावर. बाबासारखा एक तरी फोटो मले धुवायचा होता, बस.

मंग सानगडीची एक म्हातारी आली. चार वर्षांची पोरगी गेली होती तिची, पन्नास वर्षांआधी. भिंतीवरचा एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्ला. "तुह्या बापानं काढला होता बाबू. पाह्य ना, काही असंल तं."

निगेटिव्ह सापडली, पण बुरशी धरलेली. "उद्या या मावशी, नवाकोरा देतो," म्हटलं. मोठा शहाणा मी! स्पिरिटच्या बोळ्यानं घासली. कापूस काळा झाला, मळ समजून आणखी घासली.

दुसऱ्या दिवशी लाल बल्बखाली म्हातारी माह्या बाजूलेच उभी राहिली. कागद औषधात टाकला. फ्रॉक आला, गळ्यातले मणी आले, चेहरा आला. डोळे मिटलेले.

तवा समजलं तो मळ कशाचा होता. त्या काळी लेकरू गेल्यावरच लोक फोटोग्राफरले बोलवत. आई त्याले मांडीवर घेऊन बसे, अन् बाबा नंतर निगेटिव्हवर पेन्सिलीनं डोळे उघडे करून देत. लहानपणी त्या पेन्सिलींले टोक मीच काढत होतो. कसा विसरलो मी, लाज वाटते सांगाले.

"मावशी, चुकलं माह्यं. मी पुन्हा काढून देतो डोळे."

"कसे काढशीन? तू कुठं पाह्यली तिले?" तिचा आवाज चढला नाही. "तिचे डोये माह्यासारखे होते. तुह्या बापानं माह्या डोयात पाहून काढले होते. आता पाह्य बरं, यात लेकराचे डोये दिसते का तुले?"

मी पाहिलं. सुरकुत्यांत बुडालेले, पिवळे पडलेले, म्हातारे डोळे.

तिनं ट्रेमधल्या फोटोले हातही लावला नाही. "असी तं मी पाह्यलीच होती तिले, त्या दिवशी," म्हणाली, अन् पदर सावरून एसटी स्टँडकडे निघून गेली.