वार्निशचे तीन हात

कुरुंद्याच्या बाजारात ती बॅटरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात ते सेल. तर ही बॅटरी जेमतेम बोटभर लांब, वरून काळा रंग, पुढे एलईडीचे पाच बारीक दाणे. आमच्या घरी नव्वदच्या दशकापासून दोन मोठ्या सेलची पितळी बॅटरी होती. डोक्यात घातली तर माणूस आडवा व्हावा अशी. तिच्यापुढे हे खेळणंच. पण बाजारवाल्यानं बटण दाबलं आणि भर दुपारी डोळे दिपले. बाबांसाठी एक घेतली.

बाबा हळद शिजवायचे. शेत थोडं होतं, पण हंगामात कुरुंद्यापासून हट्ट्यापर्यंत त्यांना बोलावणं यायचं. काहिलीतली, म्हणजे भल्याथोरल्या कढईतली, हळद शिजली की नाही, हे ठरवायचं काम त्यांचं. कच्ची राहिली तर माल खराब होतो, जास्त झाली तर रंग जातो, आणि लोकांचं वर्षभराचं पीक त्या काहिलीत असतं. बाबा वर आलेला फेस बघायचे, वाफेचा वास घ्यायचे, एका गड्ड्यात काडी टोचायचे आणि म्हणायचे, "काढा." त्यांच्या 'काढा'वर कुणी दुसरं मत विचारत नसे. जाळ पहाटेच लागायचा, त्यामुळं वाफेत वाकून बघायला बॅटरी लागायचीच.

त्या वाफेनं नवी बॅटरी पंधरा दिवसांत मेली. उघडून बघतो तर एलईडीचे पाय हिरवे पडलेले, ते बसवलेली पट्टी गंजलेली. हातात धरायच्या जागेचा काळा रंगसुद्धा उडाला होता. मी तेव्हा मोटारी भरायच्या दुकानात कामाला होतो. जळालेल्या मोटारीत नवी तार भरली की आम्ही वर वार्निश ओततो, म्हणजे ओल तांब्यापर्यंत जात नाही. म्हटलं, मोटारीला चालतं ते या बोटभर बॅटरीला का चालू नये? दुसरी आणली, खोलली, आतली पट्टी वार्निशनं न्हाऊ घातली. इथवर डोकं ठिकाणावर होतं. पण माझा हात थांबेल तर ना! वाफ पुढच्या फटीतून शिरते म्हणून पुढच्या काचेवरही ब्रश फिरवला. काच कसली, प्लास्टिकच ते. एक हात, वाळवून दुसरा, वाळवून तिसरा.

बॅटरी काही मरेना. बाबांच्या हातून हौदात पडली, सकाळी काढली, तरी पेटली. मग काय, गावानं रांग लावली. मीही मिशीला पीळ देऊन वार्निश फासत बसलो. उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला होता हे दिसत होतं मला. कुणी बोललं की मी म्हणायचो, "उजेड थोडा कमी, पण आयुष्य जास्त. काय पाहिजे ते बोला!" सगळे आयुष्यच मागायचे.

हंगाम संपला आणि उन्हाळ्यात बाबा म्हणाले, "पोरा, उजेड लई मंद येऊन राहिला रे."

वार्निश उन्हानं तांबूस पडतं, मला ठाऊक होतं. एक हात खरवडला. चार दिवस गेले. "मधलं दिसते बराबर. कडंचं न्हाई दिसत."

हेही मला पटलं. ब्रशनं लावलेलं वार्निश कडेला जमून जाड बसतं. ब्लेड घेऊन कडा साफ केल्या. मग सगळंच काढलं आणि बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश लावलं. उजेड छान आला, पण वाफेनं त्याच्या आठ दिवसांत खपल्या निघाल्या. दोन नळ्यांत मिळतो तो डिंक एकत्र कालवून लावला, तो महिन्यात पिवळा पडला. जाड लावावं तर उजेड मरतो, पातळ लावावं तर बॅटरी मरते. मी इरेला पेटलो होतो. दर वेळी बाबा बॅटरी हातात घेऊन भिंतीवर मारून बघायचे आणि म्हणायचे, "हां, आता दिसते." आणि चार दिवसांनी हळूच, "कडंचं तेवढं बघ की रे."

तेच वार्निश गावातल्या वीस-पंचवीस बॅटऱ्यांवर होतं. कडेची तक्रार दुसऱ्या एकानंही केली नव्हती. माझ्या टाळक्यात हे शिरलं नाही.

आई म्हणायची, "आता त्या बॅटरीला तूप चोळायचं तेवढं राहिलं." मला राग यायचा. दिवाळीच्या सुमाराला बाबा अंगणातल्या पाइपात अडकून पडले आणि बॅटरीला नावं ठेवू लागले, तेव्हा मी भडकलो. सरळ तोंडावर म्हणालो, "बाबा, तुमचं म्हंजे नाचता येईना अंगण वाकडं! दुकानातलं काम सोडून मी सहा महिने हेच करून राहिलो काय?" बाबा हसले, गुडघा चोळत उठले. त्यानंतर ते बॅटरीबद्दल बोललेच नाहीत. मला वाटलं, जमलं एकदाचं.

पुढच्या हंगामात मला खरा उपाय सापडला. पुढं काहीच लावायचं नाही. आतल्या पट्टीला वार्निश, समोर खरीखुरी काच आणि फटीत सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. वाफ आत जात नव्हती आणि उजेड असा की डोळ्यांपुढं काजवे चमकावेत. ती दाखवायला मी दुपारी हट्ट्याला गेलो. बाबा काहिलीजवळ पोत्यावर बसले होते. लख्ख ऊन. ज्यांची हळद होती त्या घरच्या बाईनं चहाचा ग्लास त्यांच्या उजव्या मांडीजवळ ठेवला आणि म्हणाली, "घ्या भाऊ." बाबा समोर बघत राहिले. मग म्हणाले, "चहा न्हाई आणला काहून?"

बाई हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. बाबांनी हात जमिनीवर फिरवला आणि ग्लास सांडला. चहा पोत्यात जिरत होता आणि बाबा हात झटकत म्हणत होते, "व्हय, व्हय, इथंच व्हता की." माझ्या खिशात ती बॅटरी होती. ती मी बाहेर काढलीच नाही.

नांदेडला नेलं. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. मी आपला कारागीर माणूस. म्हणालो, "वरचा पडदा काढून टाका ना साहेब." ते म्हणाले, "पडदा मोतीबिंदूत असतो. याच्यात पुढं काढण्यासारखं काहीच नाही. मागची नस सुकत जाते. आधी कडा जातात, मधलं शेवटी." मग बाबांना नर्सबरोबर थेंब घालायला पाठवून मला हळू आवाजात म्हणाले, "तक्रार सुरू झाली तेव्हाच आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं. वर्ष तरी गेलंय."

वर्ष कुठं गेलं ते मला माहीत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ब्लेड, नेलपॉलिश, डिंक. माणूस चांगला स्पष्ट सांगत होता, मधलं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि मी ते घेऊन बॅटरी खरवडत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. मग चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाले, "तुज्या वार्निशला मी उगीच बोल लावला रे. लई तकलीफ दिली तुला."

मी म्हणालो, "न्हाई बाबा."

"तू म्हणला व्हतास तेच खरं. अंगण सरळच व्हतं."

डॉक्टर मला बाजूला घेऊन काय बोलले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगायला तीच वेळ होती. मी त्यांची माफी ऐकून घेतली आणि कुरुंदा येईपर्यंत बाहेर बघत बसलो.