कोरडी बोट

मी चौथीपर्यंत शिकलो. बत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत बोटींची इंजिनं खोलली आणि बसवली, पण बोटीत बसून गोदीच्या तोंडाबाहेर कधी गेलो नाही. माणदेशात परत येऊन मेंढरं राखायला लागलो तरी ते मनात सलत राहिलं. गोदीतला माझा जोडीदार तांडेल होता, मालवणकडचा, बोट हाकणारा. म्हातारपणी दोघांनी एक फेरी मारायची, असं त्यानं कबूल केलं होतं. किनाऱ्याकिनाऱ्यानं कारवारपर्यंत खाली, मग अलिबागपर्यंत वर, आणि परत जागेवर.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. डोळ्यांत काळा मोतीबिंदू.

"डॉक्टर म्हणतो, गेली ती नजर परत येत न्हाय. उरलीय ती एखादं वर्ष पुरेल. सगळे दिवे एकदा बघून घेतो रे." दिवे म्हणजे किनाऱ्यावरची दीपगृहं.

मी पाटणवरून घाट उतरून त्याच्याकडं गेलो. एका खाडीवर दोन जुने ट्रॉलर विकायला होते. त्याला बारीक दिसत नव्हतं, म्हणून पारख माझ्याकडं आली. एक पाण्यात उभा, बुडाला शेवाळ धरलेलं. दुसरा तीन वर्षं किनाऱ्यावर, माडाच्या झापांखाली झाकलेला. मी हातोडीनं दोन्ही ठोकून बघितले. पाण्यातला बद्द वाजला, कोरडा खणखणला.

"पाण्यातलो घे, मेल्या," तांडेल म्हणाला.

"वल्लं लाकूड आमच्यात चुलीतबी घालत न्हाईत."

"ही बोट आहे. तुझा मेंढरांचा वाडा न्हाय."

"बत्तीस वर्षं बोटी खोलल्या, मला कळत न्हाई व्हय? तुला दिसतंय का काय?"

बोललो ते बोललो, माघारी घ्यायची मला सवय नाही. कोरडी बोट घेतली.

घरी महिनाभर तयारी चालली. बायकोनं बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन घोंगडी बांधली.

"आवं, पवाया तरी येतंय का तुमास्नी?"

"गाडीत बसल्यावर कोण चालतंय का?"

"गाडी बुडत न्हाई," ती म्हणाली.

पौषात बोट पाण्यात लोटली. दुपारपर्यंत बुडात गुडघाभर पाणी. फळ्या वाळून आकसल्या होत्या, फटींतला दोरा सुकून भुगा झाला होता. आमच्याकडं उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळलं की लोखंडी धाव सैल होते. मग चाक ओढ्यात भिजत घालतात, लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. लहानपणी मी स्वतः चाकं भिजत घातलीत. पाण्यात लाकूड जुळून राहतं, हे मला कळायला हवं होतं.

तांडेल म्हणाला, "आठवडाभर थांबू. लाकूड फुगेल. सकाळी बुडातलं पाणी संपेपर्यंत पंप हापसायचा, हापसे मोजायचे. शंभराच्या आत आले की निघायचं."

पहिल्या दिवशी नऊशे. मग सातशे, पाचशे. चारशेवर येऊन आकडा थांबला, चार दिवस तिथंच. तांडेल धक्क्यावर बसून कानानं हापसे मोजायचा. लोक बघून हसायचे, "घाट्यानं वाळकी बोट घेतली." आठव्या दिवशी मी उजाडायच्या आत उठलो आणि तो यायच्या आधी तीनशे हापसून टाकले. तो आला तेव्हा नव्वद भरले. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, दाढी करून आला आणि सोमवार ठरवला.

मी डिझेल भरलं, पाण्याचे कॅन चढवले, दोर बदलले. पहाटेचं हापसणं रोज चालूच. फेरीत त्याला लांबचं दिसणार नव्हतं. खडक किती लांब, पाण्यावर तरंगणारे खुणेचे बोया कुठल्या हाताला, हे मीच सांगायचं ठरलं होतं. ज्यानं पाण्याचा आकडा खोटा केला, त्याच्याच डोळ्यांवर तो बोट हाकणार होता.

सोमवारी इंजिन चालू झालं. तो दोर सोडायला वाकला आणि मी इंजिन बंद केलं.

"तीनशे मी रोज पहाटंच मारतोय. नव्वद न्हाईत ते. तीनशे नव्वद हायत."

त्यानं दोर परत खुंटाला बांधला आणि म्हणाला, "मी म्हणत होतो, डोळे गेले तरी कान शाबूत आहेत. तू कानांनाही फसवलंस."

मी चुकलो, हे माझ्या तोंडून बायकोनंही कधी ऐकलेलं नाही. त्या दिवशी ते दोनदा म्हटलं.

सुतार म्हणतो, अर्ध्या फटी उकरून नवा दोरा आणि राळ भरायला हवी. ते होईपर्यंत वारं फिरेल, म्हणजे आता पावसाळ्यानंतरच. तोवर त्याची नजर किती उरेल, ते आम्ही दोघंही बोलत नाही. तो गावी गेला. मी बोटीवरच राहतो, सुताराच्या हाताखाली. ओहोटीला बोट उघडी पडेल तेवढाच वेळ काम होतं, भरतीला आत आलेलं पाणी सकाळी हापसतो.

रोज सकाळी त्याचा फोन येतो.

"किती?"

"दोनशे सत्तर."

"खरं?"

"खरं."

गोदीत बत्तीस वर्षं एकत्र काढली. तिथं तो मला 'खरं?' असं कधी विचारत नव्हता.