हुज्जतभाऊ आणि इंदलचं गाणं

हुज्जतभाऊंशी कोणाचंच पटत नसे. माझंही नाही. शहाद्याच्या बसस्थानकावर एकाच सकाळी चहावाला, कंडक्टर आणि भिंतीवरचं वेळापत्रक अशा तिघांशी त्यांना भांडताना मी पाहिलं आहे.

पुरुषोत्तमनगरकडच्या गुजर शेतकऱ्याचा हा मुलगा दिल्लीला एका मोठ्या सरकारी अभिलेखागारात लागला. आपल्याकडचे जुने कागद, फोटो, ध्वनिमुद्रणं परदेशात कुठे पडून आहेत ते शोधायचं आणि त्यांच्या प्रती मागवायच्या, हे त्यांचं काम. मागायला गेलेल्या माणसाने जरा नरमाईने बोलावं. हे वसुलीला गेल्यासारखे लिहीत. आलेल्या प्रतीखाली ‘सौजन्य’ म्हणून तिकडच्या संस्थेचं नाव दिसलं की त्यांचं डोकं सणकत असे. “चीज आपली, आनि सौजन्य त्यास्नं?”

निवृत्त होऊन शहाद्याला आले, तरी जुन्या फोटोंतल्या, ध्वनिमुद्रणांतल्या माणसांची ओळख पटवायचं काम दिल्लीहून येत राहिलं. इंग्रजी पत्रं टंकायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळामास्तर आणि शेजारी. ते अहिराणीत कडाडत, मी सौम्य करून लिहीत असे. मी घातलेला प्रत्येक ‘कृपया’ ते खोडायला लावत. असा छळवादी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याशिवाय माझी संध्याकाळही जात नसे.

एकदा एक गाणं आलं. नर्मदाकाठच्या, आता धरणात बुडालेल्या गावात एका गोऱ्या पाद्र्याने ते ध्वनिमुद्रित केलं होतं. तिकडच्या संस्थेच्या यादीत नोंद होती, ‘पेरणीचं गाणं, गायक अज्ञात’. संस्थेने ते आपल्या संकेतस्थळावर सगळ्या जगासाठी टाकून दिलं होतं. गायकाचं नाव कळलं की दिल्लीही तेच करणार होती. पण भाऊंचा नियम ठरलेला. “ज्यान्हा आवाज, त्यान्हा घरना पहिले आयकतीन. मंग जग.”

म्हणून आम्ही बुडितातल्या लोकांच्या वसाहतीत गेलो. अंगणात माणसं जमली आणि भाऊंनी मोठ्या आवाजात गाणं लावलं. जुगलीबाई नावाची म्हातारी उठली आणि स्पीकरवर तिने हाताचा पंजा दाबला.

“बंद कर, भाऊ. हा माझा बा हाय. पण हे इंदलचं गाणं. इंदलची पूजा नसली तर कोणी गात नाय. गोऱ्याने बळंच गायला लावलं. मग बा कधीच इंदलला गायला नाय बसला. मी बाटलो म्हणायचा.” पंजा न काढता तिने विचारलं, “आता ते कोणाच्याबी मोबाइलात वाजणार?”

यादीवर विश्वास ठेवून भाऊंनीही अवेळीच गाणं लावलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. भांडायला समोर कोणी नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. “नई वाजनार, बाई,” एवढंच ते म्हणाले.

जन्मभर दारं उघडायला लावणारा हा माणूस मग एक दार बंद करण्यासाठी इरेला पेटला. दिल्लीच्या अधिकाऱ्याने फोनवर टोमणा मारला, “सर, सगळं खुलं करा असं तुम्हीच शिकवलंत ना?” रागात भाऊ दिल्लीशीही अहिराणीतच भांडत. “खुलं करा म्हनी सांगेल व्हतं मी. चोरीना माल वाटा म्हनी नई!”

दिल्ली अखेर नमली. नोंदीत जुगलीबाईच्या वडिलांचं नाव चढलं, आवाज तिच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय कोणाला मिळणार नाही असं ठरलं, आणि एक प्रत तिला दिली. गाणं काढून टाका म्हणून लिहिलेल्या पत्राला परदेशी संस्थेचं उत्तर मात्र एका ओळीचं होतं, ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.’ माझीही तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाचं गाणं जन्माचं बंद पाडायचं, ते दुकानात मांडल्यासारखं मांडायचं, आणि वर भावनांची नोंद घ्यायची! त्या दिवशी ‘कृपया’ मीच घातला नाही.

पुढे भाऊंचं हृदय थकलं. नंदुरबारच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा नाकात नळी होती. तब्येत कशी आहे, हे त्यांनी मला विचारू दिलं नाही.

“तठलं बंद झाय का?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मंग तू आठे काय करी ऱ्हायना? जाय, त्यास्ले लिख.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती आमची शेवटची भेट. मी अजून लिहितो. गाणं तिकडे अजून वाजतं.