ग्लेनिसचे शनिवार

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूम्बात हिरवळीवर गोळे लोटायच्या बोल्स क्लबात ग्लेनिस प्रॉसरचं नाव विजेत्यांच्या फळ्यावर तीनदा सोनेरी अक्षरांत लागलंय. तिन्ही नोंदी जुन्या आहेत. सहा वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याला नारळ दिला, घरातला त्याचा अर्धा वाटा कर्ज काढून विकत घेतला, आणि हप्ता भागावा म्हणून बेकरीतली शनिवारचीही पाळी धरली. क्लबाचे सामने शनिवारीच असतात. नवरा गेल्याचं तिला काडीचंही दुःख नाही, शनिवार गेल्याचं मात्र अजून आहे.

मी तिची शेजारीण. एके काळी बँकेत होते, असं एकदा बोलून बसले आणि तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक कागद माझ्या ओट्यावर येतो. त्या दिवशी ती ताटभर जेली स्लाइस, म्हणजे वर जेलीचा थर दिलेल्या बिस्किटाच्या वड्या, घेऊन आली, म्हणजे काम मोठं होतं.

"शुभा, सुटला गं माझा शनिवार! दुसरी बँक एक टक्का कमी व्याज लावतेय, वर दोन हजार डॉलर हातात देतेय. जुनं कर्ज मिटवायचे साडेतीनशे, नोंदणीचे पावणेपाचशे, ते जाऊनही बाराशेच्या आसपास उरतात. आणि हप्ता महिन्याला साडेआठशेनं उतरतो! शनिवारचे मला तेवढेच तर मिळतात."

एका टक्क्यात साडेआठशे? तिच्या फोनवरचं गणित मी उघडून पाहिलं. त्या बँकेनं मुदतीच्या रकान्यात तीस वर्षं आधीच भरून ठेवली होती आणि बाईंनी ती तशीच राहू दिली होती.

"ग्लेनिस, तुझं वय काय?"

"अठ्ठावन्न. चारचौघांत बावन्न."

"मग शेवटचा हप्ता तू अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी भरणार."

"तोवर मी गोळे लोटत नसेन, मलाच कुणीतरी लोटत असेल!" ती खो खो हसली.

मी तिची खरी उरलेली मुदत घातली, नऊ वर्षं. हप्ता जेमतेम पासष्ट डॉलरनी उतरला. तिचं हसू थांबलं. तिनं एक स्लाइस उचलली आणि परत ताटात ठेवली. मला फार वाईट वाटलं.

"निदान जुन्या बँकेला फोन तर कर," मी म्हटलं. "व्याज कमी करा म्हणू नकोस. कर्ज बंद करायचा फॉर्म माग, बस्स."

गिऱ्हाईक निघालं म्हटलं की बँक आपणहून व्याज उतरवते, इथं शेंबडं पोरही ही युक्ती जाणतं. ग्लेनिसला ती ठाऊक नव्हती, कारण कुणाकडे काही मागणं म्हणजे तिला भीक वाटायची. तिनं फॉर्म म्हणताच पलीकडच्या मुलीचा आवाज मधाळ झाला, चार मिनिटं संगीत वाजलं आणि व्याज सव्वा टक्क्यानं खाली आलं. शुल्क नाही, कागद नाही. नऊ वर्षांत हा जास्तीचा पाव टक्का त्या बाराशेंच्या पुढे जातो, हे मी तिला जागेवर मांडून दाखवलं.

पण तिचं लक्ष नव्हतं. "मग बाळा, सहा वर्षं काय झोपला होतात?" ती फोनवर कडाडली.

"मॅडम, तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

ग्लेनिसनं फोन आपटला. रागाच्या भरात उरलेल्या स्लाइसही परत घेऊन गेली.

सोमवारी तिनं बेकरीवाल्या डेसच्या हातात राजीनामा ठेवला. मला न विचारता. संध्याकाळी कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, त्यानं घेतला असता तर? घर गेलं असतं!"

"मग तुझ्याकडे राहायला आले असते." ती ऐटीत म्हणाली. "त्यानं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, शनिवार सोड, पण मला सोडू नकोस. बाकीच्या दिवसांचा पगार वाढवतोय, शनिवारचा भरून निघेल एवढा."

"एवढं सहज?"

"एवढं सहज. वर म्हणतो कसा, 'ग्लेनिस, तू कधी विचारलंच नाहीस.' आणि मी त्या बँकेतल्या पोरीवर ओरडले गं!"

ती हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शुभा," ती नाक पुसत म्हणाली, "सहा वर्षांत शनिवार किती होतात?"

हिशेबाला मी कधी अडत नाही. त्या दिवशी मात्र म्हटलं, "मला नाही येत बाई," आणि चहा टाकायला उठले.