एक स्ट्रिप जास्त

संशय घेणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, असं मी घरी सांगते. नवरा म्हणतो, नोकरी तुला नंतर लागली. असेल. पण हॉस्पिटलच्या फार्मसीचा स्टॉक सांभाळायचा तर भोळं राहून भागत नाही. भरलेल्या खोक्यांच्या मागे रिकामं खोकं लावून ठेवणारे लोक मी पाहिलेत. म्हणून मी प्रत्येक खोकं उचलून बघते, आणि म्हणूनच काउंटरवरची मंडळी पाठीमागे मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी मोजणीत मेथोट्रेक्सेटची एक स्ट्रिप कमी भरली. ही गोळी आम्ही जपून देतो. सांधेवाताच्या पेशंटने ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशीच मरायला लागतात. कमी म्हटल्यावर माझी नजर सरळ काउंटरवरच्या माझ्या जोडीदाराकडे गेली. तो इथल्याच पावणे गावचा, जुन्या वस्तीतला. घरच्या चाळी भाड्याने दिलेल्या, दारात मोठी गाडी, आणि इथे दिवसभर उभा राहून स्ट्रिपा कापतो. याला नोकरी हवीच कशाला, हा प्रश्न तो आला त्या दिवसापासून माझ्या मनात होता. पण ही गोळी चोरून कोणी करणार तरी काय? तिची ना नशा चढते, ना तिला बाहेर गिऱ्हाईक.

"मॅडम, फॉलिक ॲसिडची एक स्ट्रिप जास्त हाय," तो पलीकडून म्हणाला. "एक कमी, एक जास्त. प्लस-मायनस मारून टाकू का?"

प्लस-मायनस म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एका औषधाचा आकडा वाढवायचा, दुसऱ्याचा उतरवायचा, की मोजणी जुळली. सगळीकडे चालतं. पण याला एवढी घाई का, म्हणून मी आणखीच ताठले.

"जास्तीची आली कुठून?"

"जास्त हाय ना? मंग टेन्शन कशाला घेता?"

मला उलट वाटतं. माल कमी भरला तर फार तर चोरी झाली असेल. जास्त भरला तर कोणाला तरी त्याचं औषध मिळालेलंच नाही. मी दोन्ही औषधांच्या स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच कंपनीच्या, तोच रंग, तसल्याच बारीक पिवळ्या गोळ्या.

पेशंट घरी जाताना उरलेली औषधं वॉर्डातून परत येतात आणि काउंटरवर जो मोकळा असेल तो ती डब्यांत टाकतो. कोणीतरी मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप फॉलिक ॲसिडच्या डब्यात टाकली होती, आणि ती फॉलिक म्हणून विकली गेली होती. फॉलिक म्हणजे साधं व्हिटॅमिन, रोज घ्यायचं असतं. आमच्याकडून ते जास्त करून गरोदर बायका नेतात.

"आई शप्पत," तो म्हणाला. हे त्याने मनापासून म्हटलं की म्हणायचं म्हणून, हे मी तेव्हाही तपासत होते.

मागच्या मोजणीनंतर फॉलिक नेलेल्या सगळ्यांना आम्ही फोन लावत सुटलो. स्ट्रिप हातात घ्या, मागचं नाव वाचून दाखवा. एक मुलगी इंग्रजी अक्षरं एकेक करून अडखळत वाचत होती आणि मी ती कागदावर उतरवत होते. तिची बरोबर निघाली. सगळ्यांच्या बरोबर निघाल्या. उरल्या कामोठ्याच्या एक आजी. सांधेवातासाठी त्यांना दोन्ही औषधं चालू होती, आठवड्यातून एक दिवस मेथोट्रेक्सेट आणि बाकीचे दिवस फॉलिक. फोन त्यांच्या मुलाने उचलला.

"हॉस्पिटलच्या फार्मसीतून बोलतेय. आईंच्या गोळ्यांबद्दल बोलायचं होतं. जरा स्ट्रिप हातात घेता का?"

"हॉस्पिटलमधून बोलताय? बरं. मग आता ओटीपी सांगू का?" तो म्हणाला. "परवा वीज कापणार म्हणून फोन, काल पार्सल अडकलंय म्हणून. आज गोळ्या. लाज वाटू द्या जरा."

फोन कट. पुन्हा लावला तर लागेना. त्याने नंबर ब्लॉक केला होता. जोडीदाराच्या मोबाइलवरून लावला, तर त्याला शिव्या मिळाल्या. मला त्या माणसाचा राग येईना. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, आधी गोळी थांबवा आणि आजींना घेऊन या.

"चला, गाडी काढतो," जोडीदार म्हणाला.

सोसायटीचा वॉचमन सोडेना. जोडीदार त्याच्याशी हुज्जत घालत राहिला आणि तेवढ्यात मी जिना चढले. मुलाने आतलं दार उघडलं, जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलंच ठेवलं आणि मोबाइल वर धरून माझा व्हिडिओ काढायला लागला. मी ओळखपत्र दाखवलं.

"असली कार्डं कुठेही छापून मिळतात."

"दार उघडू नका. मला काही देऊ नका. फक्त आत जाऊन स्ट्रिपवरचं नाव वाचा."

"म्हणजे मी आत जाणार, आणि खाली वॉचमनशी भांडतोय तो तुमचा माणूस वर येणार. पोलिसांना फोन लावू?"

"लावा," मी म्हणाले. मला खरंच वाटत होतं की त्याने लावावा. कोणाचं तरी तो ऐकेल. पण तोही जागचा हलेना, मीही हलेना, आणि आत कुठेतरी ती स्ट्रिप होती. मग एकदम सुचलं ते विचारलं.

"आईंचं तोंड आलंय का?"

त्याने मागे वळून आत पाहिलं.

"जेवताना झोंबतं? तिखट सोडलंय त्यांनी?"

आतून म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "दोन दिस झालं, नुसता दूधभात खातीया. तुमाला कुनी सांगितलं, बाई?"

मोबाइल धरलेला त्याचा हात खाली आला. त्याने दार उघडलं. स्ट्रिप फ्रिजवर होती. ती हातात घेऊन तो नाव वाचायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

आजींना लगेच ॲडमिट केलं. पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. उताऱ्याची इंजेक्शनं दिली आणि हळूहळू त्या जेवायला लागल्या. ती स्ट्रिप त्या डब्यात कोणी टाकली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा जोडीदारावरचा संशय अजून गेलेला नाही. त्याचाही माझ्यावर असणार, कारण मी लावलेले डबे तो आता पुन्हा तपासतो. मी त्याला अडवत नाही.

आजींना ॲडमिट केलं त्या संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी मुलाशेजारी जाऊन बसले. तो ओरडेल, तक्रार करीन म्हणेल, म्हणून मी तयारीत होते. चूक आमची होती. त्याने वाटेल ते बोलावं, असंच मला वाटत होतं. तो फरशीकडे बघत होता.

"कामवाली बाई म्हणत होती, मी देत जाईन गोळी," तो म्हणाला. "मी नको म्हटलं. औषधाला परक्याचा हात नको. कोण काय देईल, भरवसा नाय. म्हणून रोज ऑफिसला जायच्या आधी मी स्वतः द्यायचो."

त्याने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"आज सकाळी ती नको म्हणत होती. तोंडात आग होते म्हणाली. मी ओरडलो तिच्यावर. गिळेपर्यंत समोर उभा राहिलो."